तीन-चार तासांत संपणारे अतिवास्तव पझल प्लॅटफॉर्मर: पूर्ण अनुभव की अर्धवट काम?

कोडेवेडी

लिंबो, इनसाइड, ब्रेड, द स्वॅपर, ग्रिस. स्वप्नासारख्या अजब जगात उड्या मारत पुढे सरकायचं (म्हणून ‘प्लॅटफॉर्मर’) आणि वाटेत कोडी सोडवायची, या पठडीतल्या गेम्सबद्दल एक तक्रार हमखास कानावर येते: दिसायला सुंदर, पण हात बसतोय तोवर संपतो आणि शेवटी काय झालं ते कळत नाही. मला ही तक्रार मान्य नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते. (पुढे रहस्यभेद आहेत. ज्यांचे खेळायचे राहिलेत त्यांनी जपून वाचा.)

माझं म्हणणं असं की या गेम्समध्ये गोष्ट सांगायचं काम नियम करतात. २००८ सालचा ब्रेड घ्या. त्यातल्या चौथ्या जगात नायक टिम उजवीकडे चालला की काळ पुढे सरकतो, डावीकडे वळला की उलटा फिरतो, तो उभा राहिला की सगळं जग थबकतं. शत्रू, किल्ल्या, तुम्ही नुकतंच केलेलं काम, सारं तुमच्या पावलांना बांधलेलं. मागे परतायचं तर केलेलं पुसलं जातं, हे तिथे कुणी सांगत नाही. ते तुमच्या अंगठ्याला आधी कळतं आणि मग डोक्याला.

इनसाइडमधला रांगेचा प्रसंग आठवा. आपण चालवतो तो मुलगा स्वतःची इच्छाच उरली नाही अशा माणसांच्या रांगेत मिसळतो. बाकीचे थांबले की थांबायचं, त्यांनी उडी मारली की मारायची, ते वळले की वळायचं. जरा चुकलं की संपलं. तोवर उडी हे तुमच्या सुटकेचं साधन असतं. इथे तीच उडी हुकूम पाळण्यासाठी मारावी लागते. बटण तेच, अर्थ पार उलटा. एकही शब्द न उच्चारता हे साधतं, म्हणून मला हा प्रकार एवढा जवळचा वाटतो.

लांबीचं उत्तरही यातच आहे. अशी एक कल्पना किती ताणायची? ब्रेड प्रत्येक जगात काळाचा नवा नियम आणतो, त्याच्या सगळ्या बाजू तपासतो आणि पुढे जातो. एकसारखी दोन कोडी शोधून सापडत नाहीत. दहा तास हवे असतील तर भरताड घालावी लागेल, आणि भरताड घातलेले मोठे गेम आपण सगळ्यांनी खेळलेत.

उंबरठा

धागा आवडला, पण लांबीवर बोलताना खरा दोष बाजूलाच राहतो असं वाटतं. माझी तक्रार लांबीबद्दल नाही. पझल आणि प्लॅटफॉर्म यांचं लग्नच मुळात अवघड आहे, आणि बहुतेक छोटे गेम ते निभावत नाहीत.

कोडं सुटत नसेल तर ‘माझी कल्पना चुकली’ एवढं तरी खेळाडूला नक्की कळायला हवं. प्लॅटफॉर्मरमध्ये ते कळत नाही. खोका ढकलला, दोरीवर झोका घेतला, उडी मारली, पलीकडची कड थोडक्यात हुकली. आता काय समजायचं? उत्तर चुकीचं होतं की बोट उशिरा पडलं? माणूस बरोबर उत्तर टाकून देतो आणि पंधरा मिनिटं भलतीकडे शोधत बसतो. मग हताश होऊन व्हिडिओ बघतो, तर त्याने केलं होतं तेच उत्तर! यात शिकण्यासारखं काही नसतं, चरफड तेवढी होते.

दुसरं, फसवणूक. लिंबोमध्ये एकामागोमाग एक दोन यंत्रं येतात, दिसायला सारखी. पहिल्याखाली मधल्या उंचवट्यावर पाय पडला की वरून ठोकळा आदळतो. तो धडा घेऊन दुसऱ्याकडे गेलात की तिथे नेमकं उलटं: उंचवटा सुरक्षित आणि आजूबाजूची जमीन घातक. हे आधी ओळखायला काहीही खूण नाही. मरा, मग कळेल. ज्याचं उत्तर मेल्याशिवाय मिळूच शकत नाही त्याला मी कोडं म्हणणार नाही.

अर्धविराम

उंबरठा यांच्या पहिल्या मुद्द्याला +१. म्हणूनच ब्रेडमधलं काळ मागे नेणं ही नुसती करामत नव्हती. उडी हुकली तर दोन सेकंद मागे या, पुन्हा मारा. हाताची चूक फुकट झाली की उरते ती फक्त डोक्याची चूक. हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे सोडवलेला मी दुसरीकडे क्वचितच पाहिलाय.

निळसर

दोन यंत्रांच्या प्रसंगाबद्दल असहमत. मेल्यावर तुम्ही परत कुठे येता? त्याच यंत्राच्या दारात. गमावता काही सेकंद. लिंबोत मरण हे शिक्षा म्हणून येतच नाही, ते माहिती म्हणून येतं. त्यातही तो मुलगा ज्या तऱ्हेने मरतो ते बघणं इतकं अंगावर येतं की प्रत्येक पाऊल जपून पडतं. मरण दाखवलंच नसतं तर ती भीती कुठून आली असती? आणि ते दुसरं यंत्र मुद्दाम तसं आहे: या जगात शिकलेला धडाही दगा देऊ शकतो. २०१० मध्ये पहिल्यांदा खेळलो तेव्हा याच जागी मला त्या जगाचा स्वभाव कळला.

उंबरठा

@निळसर, भीती पहिल्या चार मरणांपर्यंत टिकते. चौदाव्या वेळी तोच महाकाय आठपायी कोळी त्याच मुलाला भोसकतो तेव्हा भीती उरत नाही, फक्त ‘लवकर सुरू हो’ एवढंच वाटतं. वातावरण हे या गेम्सचं सगळ्यात मोठं भांडवल, आणि ते पुन्हा पुन्हा मरून खर्च होतं.

कोडेवेडी

हे मात्र मोलाचं आहे. भीती आणि पुनरावृत्ती यांचं वाकडं आहे. इनसाइड त्याबाबतीत लिंबोपेक्षा पुढे गेलाय असं मला वाटतं. सहा वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच प्लेडेड स्टुडिओने तो आणला. त्यात बहुतेक धोके आधी दिसतात किंवा ऐकू येतात. कुत्रे लांबून भुंकतात, आणि स्फोटासारख्या धक्क्याच्या धडधडणाऱ्या लाटा येतात त्या जागी तर आवाजाच्या ठेक्यावरच आडोसा गाठायचा असतो. तिथे मेलात तर कारण कळलेलं असतं.

पुस्तकखूण

वेळेच्या मुद्द्यावर एक व्यावहारिक बाजू. जून २०१५ पासून स्टीमवर (संगणकावरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) नियम आहे: खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. ग्राहक म्हणून मला हा नियम हवाच आहे. पण दीड तासाचा गेम पूर्ण संपवून, आवडल्याचा अभिप्राय लिहून, वर पैसे परत घेता येतात हेही त्याच नियमात बसतं. २०२१ मध्ये समर ऑफ ’५८ या छोट्या भयगेमच्या निर्मात्याने याच कारणाने गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं.

त्याआधी २०१४ मध्ये मॉन्युमेंट व्हॅलीचं झालेलंही आठवत असेल. (प्लॅटफॉर्मर नाही, पण भावकी तीच.) मूळ गेम दहा प्रकरणांचा, पुढची आठ प्रकरणं वेगळे पैसे मागून आली, आणि त्यावर लोकांनी एका ताऱ्याचे अभिप्राय दिले. कामाच्या दर्जाबद्दल तक्रार नव्हती, पैसे का मागता एवढीच होती. तासांच्या हिशेबाने कला मोजायची सवय लागली की छोटं आणि नेटकं बनवणाऱ्याचंच नुकसान होतं.

अर्धविराम

लांबीबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण शेवटाबद्दल आहे. अतिवास्तव शैलीच्या नावाखाली निर्माते जबाबदारी झटकतात. लिंबोच बघा: मुलगा काचेतून आरपार जातो, जंगलात जागा होतो, ती मुलगी दिसते, पडदा काळा. संपलं. मग आपण तर्क करत बसायचं: तो मेला होता का, ती मेली होती का. इतकं मोकळं सोडलं की कुठलाही अर्थ बसतो, आणि जिथे कुठलाही अर्थ बसतो तिथे निर्मात्याने काही ठरवलं होतं की नाही हेच कळत नाही.

तुलनेसाठी पुन्हा ब्रेडचा शेवट. राजकन्या वरून पळतेय, टिम खालून, दोघं मिळून त्या सरदारापासून सुटतायत असं दिसतं. मग तेच दृश्य उलटं फिरतं आणि कळतं की ती टिमपासूनच पळत होती. हेही स्वप्नासारखंच आहे, पण धूसर नाही. ज्या नियमाने अख्खा गेम खेळलो त्याच नियमाने शेवट उलगडतो. याला मी शेवट म्हणतो. लिंबोचा शेवट म्हणजे नुसतं थांबणं.

लिंबोनंतरच्या अनुकरणाबद्दल तर बोलायलाच नको. काळी आकृती, एकटं मूल, धुकं, मोठाले दात असलेलं काहीतरी, आणि शेवटी ‘हे सगळं दुःखाचं रूपक होतं’. रूपक आधी ठरवून त्यावर खोके आणि खटके चिकटवलेले असतात. त्या खोक्यांचा त्या दुःखाशी काडीचा संबंध नसतो.

निळसर

इनसाइडला तरी या रांगेत बसवू नका. त्यात डोक्यावर टोप चढवून तो मुलगा दुसऱ्या शरीरांना चालवतो, आणि ती शरीरंही टोप घालून तिसऱ्यांना चालवतात. लपवलेले गोळे शोधून जो दुसरा शेवट मिळतो त्यात मुलगा एक तार उपटतो आणि त्या माणसांसारखाच मान टाकून ढिला पडतो. म्हणजे त्यालाही कुणीतरी चालवत होतं. कंट्रोलर कुणाच्या हातात होता ते वेगळं सांगायला नको. हा अर्थ बाहेरून आणलेला नाही, टोपाच्या नियमातूनच निघतो.

अर्धविराम

तो शेवट मला मान्य आहे. पण तो लपवलेला आहे. किती जण तिथवर पोचतात? बाकीच्यांना मिळतो तो उतारावरून गडगडत जाऊन किनाऱ्यावर उजेडात पडलेला, त्या मुलाला सामावून घेतलेला मांसाचा गोळा. सगळ्यात स्पष्ट बोलणारी गोष्ट कुलुपात आणि सगळ्यात धूसर ती दर्शनी दारात, ही मांडणी मला पटत नाही.

सायंतारा

एक बाजू इथे आलीच नाही. माझ्या बाबांनी कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता. त्यांना इनसाइड दिला, कारण चालणं, उडी आणि पकडणं याखेरीज शिकायला काही नाही, आणि पडद्यावर आकडे, नकाशे, याद्या काहीच नाही. कथा त्यांना माझ्याआधी कळत होती. पण धावत येऊन उडी मारायच्या जागी ते अडले ते अडलेच, आणि मला कंट्रोलर घ्यावा लागला. उंबरठा म्हणतात तो दोष अशा माणसांना सगळ्यात जास्त नडतो. ग्रिस त्यांनी एकट्याने पूर्ण केला, कारण त्यात मरणच नाही.

उंबरठा

ग्रिस हे चांगलं उदाहरण आहे, पण मग कोडीही तितकीच सोपी होतात. रंग परत येतात तेव्हा पडदा भरून जातो, हे खरं. मात्र अडून विचार करावा अशी जागा मला त्यात फारशी सापडली नाही. मरण काढल्यावर कोडं जास्त अवघड करायची मोकळीक मिळते. ती मोकळीक त्यांनी वापरलीच नाही.

कोडेवेडी

मग द स्वॅपरबद्दल बोलू, कारण तिथे अडून विचार करावा लागतो आणि अर्थही नियमातूनच येतो. २०१३ चा गेम, दृश्यं खऱ्या मातीच्या प्रतिकृतींवरून बनवलेली. आपल्याच चारपर्यंत प्रती काढता येतात, सगळ्या आपल्याबरोबर हलतात, आणि हवं तेव्हा त्यांच्यातल्या एकीत शिरता येतं. निळ्या उजेडात प्रत निघत नाही, लाल उजेडात शिरता येत नाही. एवढ्यावर अख्खा गेम उभा आहे. वर चढायचं तर वरच्या कडेवर प्रत काढायची, तिच्यात शिरायचं आणि मागचं शरीर खाली सोडून द्यायचं. खाली हाडं मोडल्याचा आवाज येतो. पुढे जाणारी ‘मी’ नक्की कोणती, हा प्रश्न प्रत्येक कोड्याच्या उत्तरातच बसलेला आहे.

उंबरठा

कोडी उत्तमच आहेत, वाद नाही. पण त्या आवाजाची सवय होते. अर्ध्या तासात प्रती म्हणजे माझ्यासाठी शिडीच्या पायऱ्या झाल्या होत्या. पुन्हा अस्वस्थ झालो ते त्या विचार करणाऱ्या पाषाणांजवळून जाताना त्यांचं मनोगत पडद्यावर उमटतं तेव्हा. म्हणजे शब्दांमुळे. तुमच्याच सगळ्यात भक्कम उदाहरणात नियम पुरला नाही, लिहिलेला मजकूर लागला.

कोडेवेडी

प्रतींची सवय होणं हेच तर त्या नियमाचं सांगणं आहे! तुम्ही स्वतःलाच पायरी समजायला लागलात आणि गेमने त्यासाठी तुम्हाला एक शब्दही सांगितला नव्हता. शेवटी तो जो निर्णय मागतो, त्यात तुमची हीच सवय पणाला लागते. तेव्हा समोरच्या शरीरात दुसरा जिवंत माणूस असतो, आणि बटण तेच.

उंबरठा

त्या निर्णयाच्या वेळी माझा हात थांबला होता हे खरं. तो पाषाणांमुळे थांबला की सवयीमुळे, हे तपासायचा एकच मार्ग दिसतो. या शनिवारी पुन्हा खेळतो, पाषाणांचा मजकूर अजिबात न वाचता, आणि इथेच लिहितो.