डब्ल्यूएसयूएस आता काढाच, आणि काढायचा तर पॉवरशेलनेच

चाकणचा_सर्व्हरवाला

आमच्या चाकणच्या प्लांटमधला डब्ल्यूएसयूएस (विंडोजचे अपडेट एकदाच उतरवून सगळ्या पीसींना वाटणारा सर्व्हर) गेल्या गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला काढून टाकला. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो डेप्रिकेटेड जाहीर केला. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यात असं भोक सापडलं की लॉगिन न करताही बाहेरचा माणूस सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत होता. पहिला पॅच अपुरा पडला, म्हणून २३ ऑक्टोबरला तातडीचा दुसरा आला. पॅच टाकता येत नसेल तर डब्ल्यूएसयूएसचा रोल (सर्व्हरला नेमून दिलेलं काम) बंद करा किंवा ८५३० आणि ८५३१ हे पोर्ट (नेटवर्कवरून सर्व्हरमध्ये यायचे दरवाजे) अडवा, असं खुद्द कंपनीनेच सांगितलं. मग हे ओझं वागवायचं कशाला?

दुसरं म्हणजे, सर्व्हर मॅनेजरच्या विझार्डमध्ये (माउसने टप्प्याटप्प्याने पुढे जायच्या खिडक्यांमध्ये) नेक्स्ट-नेक्स्ट करत बसू नका. पॉवरशेल (कमांड टाइप करून विंडोज सांभाळायचं साधन) उघडा आणि आधी स्टार्ट-ट्रान्सक्रिप्ट (पुढच्या सगळ्या कमांडची फाइलमध्ये नोंद ठेवणारी कमांड) लावा. मग 'अनइन्स्टॉल-विंडोजफीचर अपडेटसर्व्हिसेस' ही कमांड '-व्हॉटइफ' जोडून चालवा, म्हणजे काहीही न काढता काय काय जाणार तेवढं दिसतं. यादी पटली की व्हॉटइफ काढा, '-इन्क्लूडमॅनेजमेंटटूल्स' जोडा, एंटर. ऑडिटवाला आला की ट्रान्सक्रिप्टची फाइल पुढे करायची. विझार्डमध्ये कुठे टिकमार्क काढला होता, ते सहा महिन्यांनी कोणाला आठवतं?

भोसरीकर

डेप्रिकेटेड म्हणजे बंद नव्हे हो. नवीन सुविधा येणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हर २०२५ मध्येही हा रोल आहे आणि त्या सर्व्हरचा विस्तारित सपोर्ट २०३४ पर्यंत आहे. आमच्याकडे सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशिनांना जोडलेले पीसी आहेत, त्यांना इंटरनेट दाखवायचंसुद्धा नाही. बाहेरच्या सर्व्हरवर अपडेट उतरवतो, डब्ल्यूएसयूएसयूटिलने (डब्ल्यूएसयूएसबरोबर येणाऱ्या कमांडने) कॅटलॉग एक्स्पोर्ट करतो आणि फाइलींसकट हार्ड डिस्कवरून आत नेतो. इंट्यून (इंटरनेटवरून पीसी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) इथे काय करणार? अशा तुटक नेटवर्कवाल्यांनी आरडाओरडा केला म्हणूनच एप्रिल २०२५ मध्ये ड्रायव्हर सिंक (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामचे अपडेट डब्ल्यूएसयूएसला मिळणं) बंद करणं मायक्रोसॉफ्टला पुढे ढकलावं लागलं. आणि भोकाचं म्हणाल, तर डब्ल्यूएसयूएसचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवणाऱ्याला आधी घरी बसवा.

चाकणचा_सर्व्हरवाला

पोर्ट बाहेर उघडे नसले तरी आतला एखादा बाधित पीसी पुरेसा आहे. पण बंद नेटवर्कसाठी ठेवत असाल तर माझं काही म्हणणं नाही. माझा रोख ऑफिसातल्या पीसींवर आहे. त्यांना डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे, एका पीसीने उतरवलेलं शेजारचा उचलतो. लाइनवर काही शंभर पीसींचा भार पडत नाही.

जुनाट_अ‍ॅडमिन

दोघेही भलत्याच गोष्टीवर भांडताय. विझार्ड काय आणि पॉवरशेल काय, दोन्ही तोच रोल काढतात. उरतं ते दोघांमध्येही उरतंच. रोल गेला तरी विंडोज इंटर्नल डेटाबेस (डब्ल्यूआयडी, ज्यात डब्ल्यूएसयूएसच्या नोंदी असतात) हे वेगळं फीचर असल्यामुळे तसंच राहतं. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात डब्ल्यूआयडी, त्यात डेटा असं उघडा, एसयूएसडीबी.एमडीएफ ही त्या नोंदींची फाइल ऐटीत बसलेली दिसेल. उतरवलेल्या अपडेटचं डब्ल्यूएसयूएसकंटेंट फोल्डरही जागेवर, म्हणजे डिस्क भरलेली ती भरलेलीच. पुढे कोणी पुन्हा रोल टाकला की तीच जुनी एसयूएसडीबी पोस्ट-इन्स्टॉलला (रोल टाकल्यानंतरच्या सेटअपला) आडवी येते.

आता हे वाचून कोणी उत्साही पोरगा तो डेटाबेसही अनइन्स्टॉल करेल, म्हणून आधीच सांगतो. रिमोट डेस्कटॉपचा कनेक्शन ब्रोकर (लोकांना त्यांच्या डेस्कटॉपशी जोडून देणारा) आणि एडीएफएस (एकाच लॉगिनने अनेक अ‍ॅप उघडून देणारी सेवा) हेसुद्धा तोच इंटर्नल डेटाबेस वापरू शकतात. त्याच सर्व्हरवर ब्रोकर असेल तर सकाळी सगळं ऑफिस लॉगिन होत नाही म्हणून तुमच्या टेबलाभोवती उभं असेल. तुमचं व्हॉटइफ ही गोष्ट सांगत नाही. काय जाणार ते सांगतं, त्याच्यावर कोण अवलंबून आहे ते तुम्हीच बघायचं.

मगरपट्टा_नाइटशिफ्ट

ग्रुप पॉलिसीबद्दल (एका जागेवरून सगळ्या पीसींना लागू होणाऱ्या सेटिंगबद्दल) कोणीच बोललं नाही! क्लायंट पीसीच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) डब्ल्यूयूसर्व्हर म्हणून जुन्या सर्व्हरचा पत्ता असतो आणि यूजडब्ल्यूयूसर्व्हर १ असतं. रोल कसाही काढा, पीसी त्याच मेलेल्या पत्त्यावर विचारत राहतात. एका क्लायंटकडे हे पाहिलंय: सर्व्हर काढल्याबद्दल टीमला शाबासकी मिळाली आणि सगळे पीसी पॅचशिवाय तसेच. आधी पॉलिसी नॉट कॉन्फिगर्ड करा, चार-दोन पीसींवर जीपीअपडेट (पॉलिसी लगेच लागू करणारी कमांड) चालवा, रजिस्ट्रीतून पत्ता गेला का बघा. मग सर्व्हरला हात लावा. सुट्टीवर किंवा डब्यात बंद असलेले लॅपटॉपही मोजा, ते नेटवर्कवर आल्याशिवाय नवी पॉलिसी घेत नाहीत.

चाकणचा_सर्व्हरवाला

पॉलिसी आधी, हे शंभर टक्के बरोबर. आम्ही पॉलिसी आधीच्या आठवड्यात फिरवली होती, पण धाग्यात लिहायला हवं होतं खरं. डेटाबेसवर दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तोही काढला. मात्र विझार्ड आणि पॉवरशेल सारखेच, हे काही पटत नाही. सर्व्हर कोअरवर (डेस्कटॉप नसलेल्या विंडोज सर्व्हरवर) विझार्ड दाखवा बरं.

जुनाट_अ‍ॅडमिन

दुसऱ्या मशिनच्या सर्व्हर मॅनेजरमध्ये तो सर्व्हर जोडा, दिसेल.

भोसरीकर

आणि रस्ता खोदणाऱ्याने आमची फायबर तोडली की डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनला पहिली फाइल कुठून मिळणार, तेही सांगा. दुसरी लाइन मंजूर झाली की कळवतो. तोवर आमच्या ऑफिसचाही सर्व्हर चालू, पॅच टाकून, पोर्ट आतल्या आत.