उत्तर: सप्तपर्णीच्या पानांवरचे फोड

येऊरच्या रस्त्यावरच्या सप्तपर्णीच्या पानांवर हे फोड कसले, असं विचारत तुम्ही टाकलेला फोटो पाहिला. वरच्या एका प्रतिसादात कुणीतरी ही बुरशी आहे, झाड काढून टाका असं लिहिलंय. कृपया तसं करू नका! हे फोड म्हणजे किडीने केलेल्या गाठी आहेत, इंग्रजीत गॉल म्हणतात त्या. सप्तपर्णीवर हे काम पॉरोप्सिला ट्युबरक्युलाटा नावाच्या इवल्याशा रसशोषक किडीचं. पिल्लू रस शोषू लागलं की पानाच्याच पेशी त्याच्याभोवती वाढतात आणि बंद खोली तयार होते. एक गाठ ब्लेडने आडवी कापून बघा, आत चपटं, फिकट पिल्लू सापडेल. पूर्ण वाढ झाली की गाठ उकलते आणि पंख फुटलेली कीड बाहेर पडते. पानं विद्रूप होतात, पण मोठं झाड सहसा तग धरतं.

करंजावरच्या गाठी मात्र वेगळ्या. त्या असेरिया पोंगामी या सूक्ष्म कोळ्याच्या (जाळं विणणारा कोळी नव्हे, इंग्रजीत माइट म्हणतात तो), ज्याला चारच पाय असतात आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

पुढच्या वेळी पानाच्या दोन्ही बाजू, कापलेली गाठ आणि शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. अख्ख्या झाडाचाही एक हवाच, कारण झाड ओळखलं की निम्मी ओळख तिथेच पटते. फ्लॅश टाळा, चकाकीत गाठीचं तोंड दिसत नाही.