मदत हवी आहे: कॉमन प्लॉटमधल्या कडुनिंबावर चढणं आणि हिंचका (झोका), बंदी न घालता कसं जमवावं? (बडोदे)

निंबोणी
सोसायटी मांजलपुरात, ५४ घरं. कॉमन प्लॉट १२ बाय १८ मीटर. मधोमध जुना कडुनिंब. पहिलं बेचकं जमिनीपासून १.७ मीटरवर, त्याच्या विरुद्ध बाजूला एक आडवी फांदी २.६ मीटरवर, खोडाजवळ २६ सेंमी जाड. बुंध्याभोवती सिमेंटचा चौकोनी पार, ४५ सेंमी उंच, वर कोटा फरशी. जमीन काळी चिकण, एका कडेला पेव्हर ब्लॉक. संध्याकाळी पंधरा-वीस मुलं असतात, ५ ते १३ वयाची.

कमिटीने 'झाडावर चढू नये' असा बोर्ड रंगवायला टाकलाय. रविवारी मीटिंग आहे. "आमच्या लहानपणी..." हा मुद्दा मांडून झाला, त्यावर फक्त हशा पिकतो. आकड्यांत काहीतरी हवंय. टायरचा हिंचका लावावा का, लावला तर कसा? खाली वाळू किती? चढायला हद्द ठरवावी का? आणि लेखी काय द्यावं?

दोरखंड
ताई, टायर नको. एका दोरीचा टायर सगळ्या दिशांना फिरतो, म्हणजे केव्हातरी खोडावर आपटणारच. शिवाय रेडियल टायर झिजला की पोलादी तारा बाहेर येतात, आणि पावसाळ्यात आत पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. दोन दोऱ्यांचा पाट लावा. एकाच फांदीवर ५०-६० सेंमी अंतराने दोन जागी टांगला की तो फांदीला काटकोनातच झुलतो. फांदी १२ मीटरच्या बाजूला समांतर असेल तर बरं, कारण झोका मग १८ मीटरच्या दिशेने जाईल.

खोडाजवळची जाडी उपयोगाची नाही. खोडापासून दीड मीटर पुढे, जिथे टांगणार तिथे, टेपने घेर घ्या. ६३ सेंमीच्या वर हवा, म्हणजे व्यास २० सेंमी. मग लाकडी हातोडीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर विषय संपला. बुरशीची छत्री, सांध्यात चीर, चैत्रात पालवी न फुटलेला शेंडा, यातलं काही दिसलं तरी ती फांदी सोडा. कडुनिंब, चिंच, वड भरवशाचे. शेवगा, गुलमोहर, जांभूळ यांच्या फांद्या हिरव्या असतानाही कडाड मोडतात.

दोरी थेट फांदीला बांधू नका. झोक्यागणिक ती सालीवर करवतीसारखी फिरते. साल जाते आणि दोरीही. वजन उचलायचे पॉलिस्टरचे पट्टे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ५० मिमी रुंद, १ टनाचे. असे दोन पट्टे, फांदीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा, पट्ट्यात १० मिमीची डी-शॅकल (पिन लावून बंद होणारी पोलादी कडी), तिची पिन तारेने बांधलेली. खाली १६ मिमी पॉलिस्टर दोरी, गाठ बोलाईन (न आवळणाऱ्या फासाची), शेपूट किमान २० सेंमी सोडलेलं. पिवळी-निळी स्वस्त पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दोरी बडोद्याच्या उन्हात भुसभुशीत होते. नखाने खरवडल्यावर पांढरी पूड निघाली की काढून टाका. पट्टे वर्षातून एकदा सैल करून जागा बदला, नाहीतर फांदी जाड होऊन त्यांना गिळते.

मुलं बसवण्याआधी सिमेंटच्या ४ गोण्या, म्हणजे २०० किलो, जमिनीपासून वीतभर वर रात्रभर टांगून ठेवा.

खडी_वाळू
दोरखंड यांच्याशी सहमत. पण या सगळ्या वर्णनातली सर्वांत वाईट गोष्ट झाड नाही, पार आहे. १.७ मीटरवरून मऊ जमिनीवर पडलं तर बहुतेकदा खरचटतं, कधी मनगट मोडतं. तेच मूल कोटा फरशीच्या कोपऱ्यावर डोकं किंवा पाठ टेकवून पडलं तर गोष्ट वेगळी. आधी पार फोडा. झाडालाही बरं, बुंध्याशी सिमेंट भरलं की मुळं घुसमटतात.

झाडाखाली वाळूही नको. तिथे लाकडाच्या भरड ढलप्या घाला. प्लायवूड किंवा रंगवलेल्या लाकडाच्या नकोत, सॉ मिलमधल्या साध्या. खेळाच्या मैदानांच्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेत २३ सेंमी वाळू १.२ मीटरवरून पडण्यापुरती धरली आहे, तेवढ्याच ढलप्या किमान २.१ मीटरपर्यंत. दबून चौथा हिस्सा कमी होतो, म्हणून सुरुवातीला ३० सेंमी घाला. हिंचक्याची पडण्याची उंची युरोपात पाटाची उंची अधिक दोरीची निम्मी लांबी अशी काढतात. पाट ४० सेंमीवर असेल तर तुमच्याकडे दीड मीटर. (अमेरिकी मार्गदर्शिका थेट टांगणीपासून मोजते, ती जास्त कडक आहे.)

मोकळी जागा: टांगणीच्या उंचीच्या दुप्पट पुढे आणि तेवढीच मागे. २.६ मीटरला ५.२ आणि ५.२. बाजूंना १.८ मीटर. म्हणजे साधारण १०.४ बाय ४ मीटरचा पट्टा, ढलप्या सुमारे ४४० घनफूट. या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक येता कामा नये.

खणू मात्र नका. काळ्या मातीत खड्डा म्हणजे आषाढात तळं, आणि मुळंही तुटतात. कडेने गोल ओंडके आडवे टाकून वरच भरा. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते. पाटाखालच्या ढलप्या पायांनी उडून आठवड्यात वाटी तयार होते, आणि नेमकं तिथेच मूल पडतं. ओंडक्यावर पातळीची रेघ मारा, दर रविवारी दाताळ्याने ओढून घ्या. वाळवी लागली तर तो भाग बदला. पावसाळ्यानंतर भर घालावीच लागते.

माजी_सेक्रेटरी
हे सगळं ठीक. पण एखाद्याचा हात मोडला की पालक कमिटीच्याच दारात येतात. बोर्ड लावला तर निदान सांगता येतं. आणि पालकांकडून 'जबाबदारी आमची' असं लिहून घ्या की!

आट्यापाट्या
काका, दोरी कुजलेली होती आणि कोणी बघितली नाही, तर तो निष्काळजीपणा तसल्या कागदाने झाकला जात नाही. बोर्डानेही नाही. बोर्ड लागला की मुलं मोठी माणसं नसताना चढतात, एवढाच फरक. उपयोगी पडते ती तपासणीची वही.

निंबोणीताई, मीटिंगमध्ये दोन शब्द वेगळे करून मांडा: जोखीम आणि सापळा. फांदी किती उंच आहे हे मुलाला दिसतं, पोटात गोळा येतो, ते थांबतं किंवा वेगळी वाट शोधतं. ही जोखीम; तिच्यातून अंदाज शिकतात. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये अशा खेळाचे सहा प्रकार सांगितले, त्यात उंची आणि वेग आहेतच. आपली सूरपारंब्या (गुजराती मुलांची आंबली-पीपळी) हे वेगळं काय आहे? सापळा म्हणजे जे मुलाला दिसूच शकत नाही: आतून कुजलेली फांदी, पानांत लपलेली विजेची तार, ग्रिलची फट. ९ ते २३ सेंमीच्या फटीत धड जातं, डोकं अडकतं. कंपाउंडचं ग्रिल तपासायला ९ बाय १६ सेंमीचा लाकडी ठोकळा आणि २३ सेंमीची स्टीलची ताटली घेऊन फिरा. ठोकळा आत जातो आणि ताटली जात नाही, ती फट बंद करा. विश्वामित्री नदी ज्यांच्या भिंतीला लागून आहे त्यांच्यासाठी पुराच्या दिवसांतली मगर हाही सापळाच, तिथे कुंपणच हवं.

चढण्याचे नियम मोजकेच ठेवा. स्वतः चढता येईल तेवढंच. खालून कोणी उचलून बसवायचं नाही, शिडी लावायची नाही. पाय ठेवायची हद्द २ मीटर, तिथे खोडाला कापडाची पट्टी. अनवाणी. ओढणी, गळ्यातली दोरी, सायकलचं हेल्मेट खाली. हेल्मेटच्या पट्ट्याला मूल लटकू शकतं. बेचक्याच्या बाजूने चढायचं, हिंचक्याच्या बाजूने नाही.

बाकावर बसणाऱ्या मोठ्यांनाही एक नियम: "पडशील!" म्हणून ओरडायचं नाही. मूल आवाजाकडे बघतं आणि पाय निसटतो. बोलायचंच असेल तर "आता पाय कुठे ठेवणार?" विचारा.

लेखी एकच पान: खेळ कोणता, त्यातून मिळतं काय, बिघडू शकतं काय, आपण काय केलं, कोण तपासणार, कधी. खाली दर महिन्याच्या तारखा आणि सह्या. प्रथमोपचाराच्या पेटीवर हे चिकटवा: डोक्यावर पडून उलटी, गुंगी किंवा बेशुद्धी आली तर १०८. पक्का दात पडला तर मुळाला हात न लावता दुधात टाकून अर्ध्या तासात दंतवैद्याकडे. दुधाचा दात परत बसवायचा नसतो.

निंबोणी
सगळ्यांचे आभार. दीड मीटरवर घेर घेतला: ६६ सेंमी. ठोकूनही पाहिलं, आवाज भरीव आहे. पार फोडायला दोन जण विरोध करणार, संध्याकाळी आजी-आजोबा तिथेच बसतात.

खडी_वाळू
त्यांच्यासाठी पेव्हरच्या कडेला पाठ असलेले दोन बाक टाका. मुलं तिथून दिसतात आणि पाठीलाही बरं. पार कोणाला कितीही आवडत असला तरी त्यावर टेकायला काही नसतं.

दोरखंड
एक राहिलं. उत्तरायण (संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण झाल्यावर, १६ जानेवारीच्या सकाळी कोणालाही वर जाऊ देण्याआधी बांबूला आकडी लावून झाडातला मांजा काढा. नायलॉनच्या मांजावर हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, पण फांद्यांत तो दरवर्षी सापडतोच. पातळ असतो, उन्हात चमकेपर्यंत दिसत नाही. हिंचक्याच्या दोऱ्यांनाही गुंडाळलेला नाही ना, ते हाताने नाही, काठीने बघा.