मदत हवी आहे: कॅम्पातल्या पोरीला तिबेटच्या फुटबॉल टीमसाठी प्रयत्न करायचाय, कागद कुठले लागतात?

झाडीपट्टीवाला:
नमस्कार मंडळी. प्रश्न अर्धा फुटबॉलचा आणि अर्धा सरकारी कागदांचा आहे, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी अर्जुनी-मोरगावकडचा, जिल्हा गोंदिया. आमच्या तालुक्यात गोठणगावला, इटियाडोह धरणाच्या अंगाला तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. आम्ही सगळे नुसतं कॅम्प म्हणतो. त्यांच्या कागदांवर अजून भंडाराच लिहून येतं कारण तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता, तो १९९९ ला झाला. माझा शाळेतला मित्र तिथलाच, धान लावतो, दिवाळी झाली की स्वेटरचे गठ्ठे घेऊन तीन महिने बाहेरगावी दुकान टाकतो, आणि झाडी बोली माझ्यापेक्षा चांगली बोलतो. त्याची पोरगी १९ वर्षांची, बाहेर तिबेटी शाळेत होस्टेलला होती, डाव्या पायाने असा बॉल मारते की आमच्या गावातली पोट्टी तिच्यासमोर गोलीत उभी राहायला तयार नसतात. आता ती म्हणते मला तिबेटच्या टीममधे खेळायचंय, आणि बाप माझ्याकडे आला की तू इंटरनेटवर बसलेला असतोस, तूच शोध.

मला एवढंच कळलं की तिबेट फिफात नाही आणि असे फिफात नसलेले जे आहेत त्यांचा कोनिफा नावाचा वेगळा वर्ल्ड कप असतो. म्हणजे देश नाही पण टीम आहे. तर प्रश्न असे, की ही स्पर्धा खरंच होते की नुसतं कागदावर आहे, मुलींची होते का, निवड कुठे होते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पोरीकडे पासपोर्ट नाही, आरसी आहे फक्त (परदेशी म्हणून नोंदणीचं पुस्तक, जन्म इथलाच असला तरी), तर त्यावर बाहेर जाता येतं का? एजंटच्या नादी लागू नका हे मीच त्याला सांगितलंय, त्यामुळे आता जबाबदारी माझ्यावर आली.

तालीमवाला:
कोल्हापुरातनं लिहितोय. भावा आमच्याकडं पेठेची टीम, तालमीची टीम, तेवढ्यावर आख्खं स्टेडियम भरतंय, देश कशाला पायजे खेळायला. पण एक सांगा, फिफात घालायला काय अडचण आहे? पॅलेस्टाईन आहे की फिफात.

थेम्सकाठी:
तालीमवाले, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर थोडं विनोदी आहे. युनोचे सदस्य १९३, फिफाचे २११. म्हणजे देश नसलेलेही आत आहेत. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड वेगवेगळे खेळतात कारण ते आधीपासून होते, फॅरो बेटं १९८८ ला आली, पॅलेस्टाईन १९९८, कोसोवो आणि जिब्राल्टर २०१६. जिब्राल्टर तर क्रीडा लवादापर्यंत भांडलं तेव्हा कुठे युरोपच्या संघटनेने घेतलं. झांझिबारची गंमत ऐका, २०१७ च्या मार्चमधे आफ्रिकेच्या संघटनेने सदस्य केलं आणि जुलैमधे काढून टाकलं. तिबेटचं तर बोलायलाच नको, समोर चीन आहे. २००१ ला तिबेटची टीम कोपनहेगनला ग्रीनलंडशी खेळली, ४-१ ने हरली, तर त्या एका मॅचपायी चीनने ग्रीनलंडला व्यापार बंद करायची धमकी दिली होती. कोळंबी विकून जगणाऱ्या लोकांना.

झाडीपट्टीवाले, स्पर्धा खरी आहे, मी स्वतः पाहिली. २०१८ ला लंडनमधे झाली, १६ टीम, दहा दिवस. यजमान कागदावर बरावा, म्हणजे सोमालियाच्या किनाऱ्यावरचे लोक, पण ते बिचारे इथेच स्थायिक त्यामुळे मॅचेस इथल्याच छोट्या क्लबांच्या मैदानांवर. तिबेट होतं, तमिळ ईलम होतं, पंजाब होतं (ही टीम मुख्यतः इंग्लंडमधल्या पोरांची, २०१६ ला अबखाझियात फायनल पेनल्टीवर हरलेली). मी एनफिल्डला फायनल बघितली, कार्पातल्या विरुद्ध उत्तर सायप्रस, ०-०, मग पेनल्टीवर ३-२ ने कार्पातल्या. हे युक्रेनमधले हंगेरियन लोक, ऐनवेळी दुसऱ्या टीमच्या जागी आलेले, आणि कप घेऊन गेले. भोवती तुर्की बायका ढोल वाजवत होत्या, एक बाबा मला विचारत होता तू कुठल्या टीमचा, मी म्हटलं कुठल्याच नाही, तर म्हणे मग भारी आहे, तुला सगळ्या. तिबेट गटातच बाहेर गेलं, पण त्यांच्या झेंड्याला टाळ्या फार पडायच्या.

पण हेही सांगतो, कार्पातल्याचे खेळाडू घरी गेले तर युक्रेनच्या क्रीडामंत्र्याने त्यांची चौकशी करा म्हटलं. तेव्हा नुसता खेळ असं काही नसतं, मित्राला माहीत असू द्या.

आणि दुसरं, तारखेवर भरवसा ठेवू नका. २०२० चा उत्तर मॅसिडोनियात स्कोप्येला होणार होता तो कोविडने गेला, २०२४ चा कुर्दिस्तानात होणार होता तोही रद्द.

उत्तरेचा_वारा:
स्वीडनमधून. कोनिफाची नोंदणी इकडचीच आहे, लुलियोची, २०१३ पासून. पहिला अध्यक्ष सामी वंशाचा, म्हणजे रेनडियर पाळणारे उत्तरेकडचे लोक, आणि पूर्वीचा रेफरी. पहिला कपही इकडेच ओस्टरसुंडला झाला २०१४ मधे. मुलींचं विचारलंत ना, तर मुलींचा पहिला कप २०२२ ला भारतातच झाला, हिमाचलमधे! यजमान तिबेट. टीम दोनच आल्या, तिबेट आणि सापमी (याच सामी लोकांची टीम), आणि सापमीने धुतलं अगदी. म्हणून तर म्हणतो डाव्या पायाची पोरगी लवकर पाठवा.

निवडीसाठी हिमाचलमधल्या धर्मशाळा गावी तिबेटन नॅशनल स्पोर्ट्स असोसिएशन आहे, तिथेच संपर्क करा, बाकी कुणाला फीबी देऊ नका. मुलांची निवड बहुतेक वसाहतींच्या आपसातल्या स्पर्धेवरून होते, दलाई लामांच्या आईच्या नावाचा गोल्ड कप. मुलींसाठी शिबिर कधी आहे ते तेच सांगतील.

काळा_कोट:
कागदांचं मी सांगते, आणि हे सल्ला म्हणून घ्या, वकीलपत्र नाही.

आरसीवर भारतात राहता येतं, बाहेर जाता येत नाही. बाहेर जायला आयसी लागतं (आयडेंटिटी सर्टिफिकेट, पासपोर्टच्या जागी चालणारं पिवळं पुस्तक), त्यावर परत येऊ देण्याचा शिक्का आणि निघताना परवानगी. आधी कॅम्पच्या सेटलमेंट ऑफिसमधे जा, ते लोक रोज हेच करतात. व्हिसा मात्र नशिबावर. २०१७ ला तिबेटच्या मुलींना डॅलसला खेळायला जायचं होतं, दिल्लीच्या अमेरिकन दूतावासाने व्हिसा नाकारला, जायला ठोस कारण नाही म्हणे. फुटबॉल हे कारण नाही.

आता खरी गोष्ट. तुमचा मित्र भारतात १ जुलै १९८७ च्या आधी जन्मला असेल तर कायद्याने तो जन्मानेच भारतीय आहे, दिल्ली हायकोर्टाने हे तिबेटींच्या बाबतीत स्पष्ट म्हटलेलं आहे. पोरगी डिसेंबर २००४ नंतरची, तर तिच्यासाठी आईचाही जन्म बघावा लागेल, दोघंही भारतीय धरले गेले तर तीही. मग पासपोर्ट मिळू शकतो आणि व्हिसा त्यातल्या त्यात सोपा. कोनिफाला पासपोर्ट कुठला याचं घेणंदेणं नाही, तुम्ही त्या लोकांपैकी आहात का एवढंच. पण पासपोर्टसाठी आरसी जमा करावी लागते, आणि २०१७ ला तर वसाहतीत राहायचं नाही अशीही अट निघाली होती. आत्ता काय चालू आहे ते पासपोर्ट ऑफिसला लेखी विचारा, तोंडी नको.

तालीमवाला:
थांबा थांबा. म्हणजे तिबेटकडनं खेळायला जायचं तर आधी भारतीय व्हायचं? आणि भारतीय झालं की कॅम्प सोडायचा?

काळा_कोट:
मी कायदा सांगितला हो. मी केला नाही.

झाडीपट्टीवाला:
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल रात्री कॅम्पात जाऊन मित्राला आणि पोरीला बसवून सगळं वाचून दाखवलं. मित्र ८३ चा, गोठणगावचाच जन्म. बायको बायलाकुप्प्याची (कर्नाटकातली तिबेटी वसाहत), तिचा दाखला शोधावा लागेल. पासपोर्टचं ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला माझ्या बापाने इथे आल्यावर पहिलं काम काय केलं माहीत आहे का, जंगल तोडून वावर काढलं, आणि आरसी जपून ठेवली पेटीत, ती मी कशी जमा करू. पोरगी हसून म्हणाली, बाबा आधी मला टीममधे तर घेऊ द्या. ती त्याच्यापेक्षा शहाणी आहे असं माझं मत झालंय.

तर ठरलं असं, आयसीचा अर्ज सेटलमेंट ऑफिसमधून टाकायचा, आणि धर्मशाळेला पोरीने स्वतःच ईमेल करायचा, मी नाही, तिचे दोन व्हिडिओ जोडून. व्हिडिओ मीच काढलेत गावच्या मैदानावर, मागे बैल आलेत त्यात, चालेल ना? पासपोर्टचं नंतर बघू.

आता शेवटचं, नागपूरला पाच नंबरचे स्टडचे बूट कुठे मिळतात ते कोणी सांगा, पाय लहान आहे तिचा, इकडे सगळे दुकानदार सात दाखवतात आणि आत मोजा कोंबा म्हणतात.