मदत हवी आहे: जुन्या हँडहेल्ड गेम्सचा संग्रह विकत घ्यावा का?

एका परिचितांकडचा जुन्या हँडहेल्ड व्हिडिओ गेम्सचा संग्रह विकत घेण्याचा माझा विचार आहे. त्यात निन्टेन्डोचा १९८९ सालचा मूळ गेम बॉय, २००१ सालचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, सेगाचा गेम गियर आणि बरीच सुटी कार्ट्रिज (यंत्रात बसवायच्या, गेम साठवलेल्या डब्या) आहेत. हेच गेम आज एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) सहज खेळता येतात, हे मला मान्य आहे. तरीही गेम बॉयच्या १६० × १४४ पिक्सेलच्या त्या हिरवट पडद्यावर, मूळ बटणांनी खेळण्याची मला मनापासून ओढ आहे.

माझी खरी काळजी यंत्रांच्या अवस्थेविषयी आहे. गेम बॉय सुरू होतो, मात्र पडद्यावर काही उभ्या रेषा उमटतच नाहीत आणि सेलच्या कप्प्यातील पत्र्यांवर हिरवा थर चढला आहे. गेम गियरचा आवाज अगदी क्षीण येतो. त्यातील कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) कालांतराने गळतात असे वाचले असल्याने ते सर्व बदलावे लागतील, असा माझा अंदाज आहे. ज्या कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती बटणसेलच्या आधारे साठवली जाते, त्यांतील सेलही एव्हाना संपले असणार.

अशा स्थितीत संपूर्ण संग्रह घ्यावा, की केवळ अ‍ॅडव्हान्स घ्यावा, ज्यावर मूळ गेम बॉयची कार्ट्रिजही चालतात? सोल्डरिंगचा (वितळलेल्या धातूने भाग जोडण्याचा) सराव नसलेल्या माणसाला यांतील कोणती दुरुस्ती घरी जमू शकेल? तसेच, कार्ट्रिज न उघडता केवळ लेबल व छपाई पाहून नक्कल ओळखण्याची विश्वासार्ह पद्धत कोणाला ठाऊक असल्यास कृपया सविस्तर सांगावी.