मदत हवी आहे: चेहऱ्याची हजेरी आणि फोनमधलं लोकेशन

नमस्कार मंडळी. मी पुण्यात कसब्यात राहते. धाकटा भाऊ भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) मशीन चालवतो. गेल्या आठवड्यात त्याला डबा द्यायला पीएमपी बसने गेले. एका गल्लीत चार गाळ्यांवर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी होती. चहावाले काका म्हणाले, सेकंड शिफ्टचा चहा बंदच झालाय. दुपारी दोनला मशीनचा आवाज नाही, हे मी तिथे पहिल्यांदाच पाहिलं. पोटात गोळा आला.

अशात मालकांनी चेहरा स्कॅन करून हजेरी सुरू केली आहे आणि फोनमध्ये एक ॲप टाकायला लावलंय. ते सुटी झाल्यावरही लोकेशन घेतं. रविवारी तो आळंदीला गेला, तर सोमवारी विचारणा झाली! नाही म्हणावं तर काम जाण्याची भीती, आणि दुसरीकडे काम आहेच कुठे?

2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची सवलत आहे. कामाच्या वेळेबाहेरचं लोकेशन त्यात बसतं का? नोकरी सोडल्यावर चेहऱ्याची नोंद पुसून मागता येते का? नाव पुढे न येता कामगार आयुक्त कार्यालयात विचारता येईल का?

कुणी यातून गेलं असेल किंवा कामगार कायद्याचे वकील असाल, तर कृपया सांगा. तो रात्री फोन बंद करून झोपतो हल्ली.