चाल 'सुटली' म्हणजे मिळाली की हुकली?

मी तीन चेस इंजिनं (बुद्धिबळाच्या चाली शोधणारे प्रोग्राम) त्याच त्या अवघड टॅक्टिकल पोझिशन्सवर, म्हणजे एक नेमकी चाल शोधावी लागते अशा स्थितींवर, लावून बरोबर चालीपर्यंत पोचायला कोणाला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवतोय. सातव्या पोझिशनपुढे 'चाल सुटली' असं लिहिलं होतं, मित्राने वाचून विचारलं, सुटली म्हणजे मिळाली की हुकली? तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, इथे नेमका शब्द कोणता?

–––

मित्राचं बरोबर आहे. कोडं सुटतं, गणित सुटतं, गाठ सुटते, जे अडकलंय ते सुटतं. चाल अडकलेली नसते, लपलेली असते, म्हणून ती सापडते, आणि 'चाल सुटली' म्हटलं की कानाला नजरेतून सुटली असंच ऐकू येतं.

पण इंजिनाच्या बाबतीत मला 'सापडली'सुद्धा अपुरं वाटतं. ग्रँडमास्टर शिरोव्हची १९९८ची, लिनारेस स्पर्धेतली तोपालोव्हविरुद्धची ४७वी चाल घ्या, शिरोव्ह काळ्याकडून खेळत होता. काळ्याने उंट सरळ एच३ या घरावर नेऊन प्याद्याच्या तोंडी दिला, का तर पांढरा तो मारण्यात गुंतला की काळ्या राजाला ई४ गाठायला वेळ मिळतो आणि मग काळी प्यादी थांबत नाहीत. जुनी इंजिनं इथे खूप अडायची. असल्या पोझिशनवर इंजिन चालू ठेवून बघत बसा, मधेच बरोबर चाल त्याच्या यादीत वर येते, पुढच्या डेप्थला (आणखी खोल बघितल्यावर) खाली जाते, मग परत येते, कधी चाल बरोबर असते पण मूल्यमापन बरोबरीचंच दाखवतं, म्हणजे ती का चांगली हे त्याला अजून कळलेलंच नाही. याला सापडली कसं म्हणायचं? मी पहिल्या वेळेला 'दिसली' म्हणतो, आणि जिथून पुढे ती बदलत नाही तिथे 'पक्की झाली'.

'सुटली' हा शब्द टेबलबेससाठी, म्हणजे थोड्या मोहऱ्यांच्या पोझिशन्सचे निकाल साठवलेल्या डेटाबेससाठी, राखून ठेवा. दोन्ही राजे धरून सात किंवा कमी मोहरी उरली की निकाल आधीच काढून ठेवलेला असतो, ती पोझिशन खरंच सुटलेली असते.

आणि हो, टॅक्टिकलला 'डावपेचाची' करू नका, डावपेचात स्ट्रॅटेजीपण येते. एकापेक्षा जास्त थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारे शोध) लावले असतील तर प्रत्येक पोझिशन चार-पाच वेळा चालवा, दर वेळी हॅश (इंजिनाने आधीचे हिशेब साठवलेली मेमरी) रिकामा करून, कारण वेळ दर खेपेला बदलते.

–––

पटलं. लॉग परत उघडला, सातव्या पोझिशनला चाल ४ सेकंदांत दिसली होती आणि पक्की व्हायला ७१ लागले. मी सगळीकडे पहिलाच आकडा लिहीत होतो, आता सगळं परत काढतो.